बॅरिएट्रिक सर्जरीनंतर काही वर्षांनी वजन पुन्हा चढलं, तर काय कोणत्या क्रमाने करायचं

बॅरिएट्रिक सर्जरी म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोट लहान करायचं ऑपरेशन. तिला चार-पाच वर्षं होतात, उतरलेल्यातले दहा-बारा किलो परत येतात आणि माणूस घाबरतो. मग आठवडाभर नुसत्या सूपवर राहून बघतो. ते जमलं नाही की ओळखीतल्या कुणाकडून वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनचं नाव मिळवतो. तेही परवडेना किंवा सोसेना, की दुसऱ्या ऑपरेशनची चौकशी सुरू होते. यातलं सूपचं खूळ सोडलं तर बाकी दोन्ही उपायांना जागा आहे, पण ती शेवटाकडे आहे. आधीचे टप्पे गाळले की इंजेक्शनही वाया जातं आणि दुसरं ऑपरेशनही.

खालचा क्रम स्लीव्ह (पोट कापून अरुंद नळी करणं), बायपास आणि मिनी बायपास (पोट लहान करून आतड्याचा काही भाग वगळून जोडणं) झालेल्यांसाठी आहे. सर्जरीला दोन वर्षं उलटून गेली आहेत असं धरलं आहे. उदाहरणं ठाणे-नवी मुंबईच्या रोजच्या खाण्यातली आणि धावपळीतली आहेत.

सावधान: हे होत असेल तर पुढचं वाचत बसू नका. दोन-तीन दिवस सतत उलट्या, काळी शौच, बायपासनंतर पोटात अचानक उठणारी जोराची कळ, किंवा उलट्यांसोबत दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सर्जरी झाली आहे हे कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यात सांगा. उलट्यांच्या रुग्णाला थायमिन, म्हणजे बी१, न देता ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तिथे हे सांगायला लाजू नका.

## टप्पा १: किती चढलं ते आधी आकड्यात मांडा

सर्जरीनंतर वजन साधारण १२ ते २४ महिन्यांत तळाला जातं. तिथून थोडं वर येऊन ते स्थिरावतं. ही थोडी चढ जवळजवळ प्रत्येकाला दिसते आणि तिला अपयश म्हणायचं कारण नाही. म्हणून पहिलं काम हिशेबाचं.

तीन आकडे लिहा: सर्जरीच्या वेळचं वजन, सगळ्यात कमी झालेलं वजन, आजचं वजन. समजा ११८, ७६ आणि ८९. उतरले ४२ किलो, परत आले १३. तेरा भागिले बेचाळीस, गुणिले शंभर, म्हणजे ३१ टक्के. डॉक्टर वेगवेगळी मापं वापरतात, पण घरच्या घरी हा ठोकताळा चालतो: १० टक्क्यांपर्यंत असेल तर लक्ष ठेवा. १० ते २५ मध्ये असेल तर टप्पा २ पासून नीट सुरुवात करा. २५ च्या वर असेल तर हेच सगळं करा, पण डॉक्टरांची अपॉइंटमेंट आत्ताच घ्या, सहा आठवडे थांबू नका.

वजन आठवड्यातून एकदाच करा. ठरलेला वार, सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर आणि काटा फरशीवरच ठेवून. स्टेशनवरच्या यंत्रावर, बूट घालून, संध्याकाळी केलेलं वजन या हिशेबात धरू नका. सोबत कंबरेचा घेर घ्या. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायचा, श्वास सहज सोडलेला असताना.

तपासा: पाळीच्या आधीचा आठवडा, पायावर सूज, नुकताच घेतलेला स्टेरॉइडचा कोर्स, यातलं काही आहे का? दोन-तीन किलो पाणीच असू शकतं. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा.

## टप्पा २: कागद जमवा

इथे बहुतेकांची गाडी अडते. पाच वर्षांत घर बदललेलं असतं आणि डिस्चार्ज कार्ड कुठल्या पिशवीत गेलं ते कुणालाच आठवत नसतं.

डिस्चार्ज कार्ड तर लागतंच, पण त्याहून महत्त्वाची म्हणजे ऑपरेशन नोट. कोणती सर्जरी झाली, पाउच, म्हणजे बायपासमध्ये वेगळं केलेलं लहान पोट, केवढा ठेवला, आतडं किती लांब बायपास केलं, हे तिच्यात असतं. मिळत नसेल तर हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या, सोबत ओळखपत्राची प्रत. सर्जरीनंतर कधी एंडोस्कोपी झाली असेल तर तिचा रिपोर्टही काढा. ‘माझं पोटाचं ऑपरेशन झालंय’ एवढ्या माहितीवर कुठलाही सर्जन पुढचा निर्णय घेऊ शकत नाही.

मग सध्याच्या सगळ्या गोळ्यांची यादी करा. आयुर्वेदिक काढे, प्रोटीन पावडर, केसांच्या गोळ्या, सगळं धरून. ही यादी पुढच्याच टप्प्यात लागणार आहे.

## टप्पा ३: रक्त आणि गोळ्या तपासा

खाण्याला दोष देण्याआधी ही दोन ठिकाणं पाहायची, कारण इथला घोटाळा डाएटने सुटत नाही.

डॉक्टरांना विचारून या तपासण्या एकत्र करून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिव्हर, किडनी आणि कोलेस्टेरॉल. वजन वाढतंय म्हणजे पोषण भरपूर आहे, असं समजू नका. चढत्या वजनासोबत फेरिटिन आणि बी१२ तळाला गेलेलं सर्रास दिसतं. त्यातून थकवा येतो, हालचाल कमी होते आणि थकवा घालवायला चहा-बिस्किट सुरू होतं.

रिपोर्ट फसवतात त्या दोन जागा लक्षात ठेवा. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी ते बंद करा आणि लॅबला सांगा. दुसरं, लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर नुसत्या त्या एका आकड्यावरून डायबिटीस परतला असं ठरवू नका.

आता गोळ्यांची यादी समोर घ्या. वजन वाढवू शकणारी नेहमीची औषधं अशी: स्टेरॉइड, इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्या, पायोग्लिटाझोन, मर्टाझापिन, ओलान्झापिन, सोडियम व्हॅल्प्रोएट, प्रीगाबालिन, गॅबापेन्टिन, प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल. कंबरदुखीसाठी वर्षभर चालू राहिलेली प्रीगाबालिन यात फार वेळा सापडते. यातलं काही असेल तर ते लिहून दिलेल्या डॉक्टरांना पर्याय विचारा. स्वतःहून एकही गोळी थांबवू नका. फिटच्या आणि मनाच्या औषधांत तर अजिबात नाही.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी वेळापत्रक तपासावं. थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. कॅल्शियम आणि लोह त्याच्यानंतर किमान चार तासांनी. बऱ्याच घरांत सकाळच्या सगळ्या गोळ्या एकाच मुठीत जातात. मग टीएसएच चढतो, डोस वाढवला जातो, आणि मूळ चूक तशीच राहते.

पूरक गोळ्यांचं सर्वसाधारण प्रमाण असं. कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५००-६०० च्या वर नाही. लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, कॅल्शियमपासून दोन तास लांब आणि चहासोबत कधीच नाही. बी१२ तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन. ड जीवनसत्त्व रोज साधारण ३००० युनिट, रक्तातली पातळी ३० च्या वर राहील इतकं. यात बदल तुमचे रिपोर्ट पाहून होईल.

## टप्पा ४: सात दिवस नुसतं लिहा, काही बदलू नका

हा टप्पा सगळे गाळतात. वही हातात आली की माणूस त्याच दिवसापासून शहाण्यासारखं खायला लागतो, आणि मग वहीत खोटा आठवडा उतरतो. सात दिवस नेहमीसारखंच खा, त्यात शनिवार-रविवार येऊ द्या.

प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा: वेळ, पदार्थ आणि अंदाजे माप, कुठे खाल्लं, आणि भूक होती का. चव बघताना तोंडात टाकलेलं, मुलाच्या ताटात उरलेलं, ऑफिसातला पेढा, हळदीकुंकवाचं वाण, सगळं येऊ द्या. फोटो काढले तरी चालतील. रात्री आठवून लिहिलेलं मात्र चालत नाही.

आठव्या दिवशी वही वाचताना यापैकी एक चित्र दिसेल.

चरणं. जेवण थोडंच, पण दिवसभर दर तासाला काहीतरी. हे सगळ्यात जास्त सापडतं. चार कप चहात प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर साखरच ३० ते ४० ग्रॅम होते. मूठभर फरसाण, साधारण ३० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी, आणि मुठी कुणी मोजत नाही.

घसरणारे पदार्थ. खारी, टोस्ट, बिस्किटं, चिवडा, वेफर्स, आईस्क्रीम, शिरा, ज्यूस. हे चावून किंवा चहात बुडवून पातळ होतात, लहान पोटातून भराभर खाली उतरतात आणि पोट भरल्याची खूण येतच नाही. त्याच पोटात चिकनचे चार तुकडे जड होतात. म्हणून माणूस नकळत जे ‘सोसतं’ तेच खायला लागतो. सर्जरीने खाण्याचं प्रमाण आवळलेलं असतं, विरघळणाऱ्या पदार्थांपुढे ते आवळणं चालत नाही.

खाऊन एक ते तीन तासांनी घाम, थरथर, अंधारी आणि गोड खाण्याची ओढ. बायपासनंतर हे जास्त दिसतं. भात किंवा गोड खाल्ल्यावर साखर झपाट्याने चढते, इन्सुलिन धो-धो सुटतं, साखर धाडकन पडते, माणूस पुन्हा गोड खातो. याला मोह किंवा कमकुवतपणा म्हणणं चूक आहे. त्या क्षणी ग्लुकोमीटरने साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि सावरल्यावर पनीर किंवा अंडं खा. नोंद डॉक्टरांना दाखवा. चक्कर येऊन पडलात किंवा शुद्ध हरपली तर थांबू नका, तातडीने दाखवा.

ताबा सुटून, लपून, रात्री उठून खाणं. हे दिसलं तर पुढचे टप्पे चालू ठेवा, पण मानसोपचारतज्ज्ञांची भेट आधी ठरवा. नुसत्या डाएट चार्टने हे आणखी बिघडतं. दारूचंही इथेच मोजा. बायपासनंतर ती वेगाने चढते, आणि सर्जरीनंतर दारूची सवय लागण्याचा धोका वाढतो. ‘वीकेंडला दोनच’ हे लिहून बघा, मग कळेल.

## टप्पा ५: जेवणाची घडी पुन्हा बसवा

आता बदल. सगळे एकदम नाहीत. पहिल्या आठवड्यात फक्त वेळा आणि पाणी, दुसऱ्यात प्रोटीन, तिसऱ्यात तेल-साखर. एकदम सगळं केलं की दहाव्या दिवशी सगळंच सुटतं.

पहिला आठवडा: वेळा. तीन जेवणं आणि एक ठरलेलं मधलं खाणं. यांच्या मध्ये पाणी, बिनसाखरेचा चहा, पातळ ताक, एवढंच. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. घास लहान, जेवण २० ते ३० मिनिटांत. ऐरोली-महापेला रात्रपाळी असेल तर घड्याळाचे तास सोडा, उठल्यापासून मोजा: उठल्यावर एक तासाने, पाच तासांनी, नऊ तासांनी. पहाटे तीनला कँटीनमध्ये जे मिळतं ते मधलं खाणं ठरू देऊ नका. डबा घरून न्या.

दुसरा आठवडा: प्रोटीन आधी. बहुतेकांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतं. किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. चूक इथे होते की लोक ‘वरण खातो की’ म्हणतात. पातळ आमटीच्या वाटीत जेमतेम २-३ ग्रॅम असतं, घट्ट वरणाच्या वाटीत ५-६. बाकीचे आकडे असे:

- अंडं: ६ ग्रॅम
- पनीर १०० ग्रॅम: १८
- शिजवलेलं चिकन, हाडाशिवाय, १०० ग्रॅम: २५ ते ३०
- बांगडा, सुरमई, रावस १०० ग्रॅम: सुमारे २०. ओल्या बोंबलात पाणीच जास्त, त्यामुळे त्याच वजनात जेमतेम निम्मं
- सोयाबीनच्या वड्या, कोरड्या ३० ग्रॅम: १५
- मटकीची उसळ, एक वाटी: ७-८
- दही १०० ग्रॅम: ३-४. पाणी निथळलेला बिनसाखरेचा चक्का दुपटीच्या आसपास

शाकाहारी दिवस असा बसतो. सकाळी मुगाची दोन लहान धिरडी आणि ५० ग्रॅम पनीर, मिळून १८. दुपारी ३० ग्रॅम सोयावड्यांची भाजी, अर्धी ज्वारीची भाकरी, वाटीभर दही, मिळून २०. संध्याकाळी एक पेला दूध आणि मूठभर भाजलेले चणे, १०. रात्री मटकीची वाटी आणि ५० ग्रॅम पनीर, १७. बेरीज ६५. नुसत्या डाळ-भात-पोळीवर ती कधीच होत नाही. मासे खाणाऱ्यांना हे सोपं जातं, फक्त मासा तव्यावर कमी तेलात आणि रव्याचं जाड आवरण न लावता.

ताटातला क्रम बदला: आधी उसळ, पनीर किंवा मासा, मग भाजी-कोशिंबीर, शेवटी जागा उरली तर भाकरी. भाताने सुरुवात केली की प्रोटीनला जागाच राहत नाही. ताट लहान डिशएवढं ठेवा. जेवण एकूण दीड वाटीच्या आसपास बसतं. त्याहून दुप्पट सहज जात असेल तर ती गोष्ट वहीत नोंदवा, टप्पा ८ ला लागेल.

तिसरा आठवडा: तेल, साखर आणि बाहेरचं. तेल डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते मोजायचं. एक चहाचा चमचा, ५ मिली, म्हणजे ४०-४५ कॅलरी. माणशी दिवसाला तीन चमचे धरा आणि महिन्याला घरात किती लिटर तेल येतं त्याला माणसं आणि दिवसांनी भागून बघा. फोडणी कमी टाकतो म्हणणाऱ्या घरातही उत्तर वेगळं निघतं.

बाहेर खाणं बंद करा असं सांगण्यात अर्थ नाही, कारण ते होत नाही. ठाण्यात राहून मामलेदारची मिसळ कायमची सोडणारा माणूस विरळाच. पण मिसळीत उसळ असते, तेवढं बरं आहे: तर्री अर्धी, फरसाण बाजूला, पाव नाही, आणि तेच त्या वेळचं जेवण, वर आणखी जेवण नाही. वडापावात वडा खा, पाव सोडा, तोही आठवड्यात एकदा. जांभळी नाक्यावर भाजीच्या पिशवीसोबत फरसाणाची पुडी येते, तिला पर्याय म्हणून भाजलेले चणे घ्या, पण तेही २०-२५ ग्रॅमच्या डबीत मोजून.

सावधान: उपास. चातुर्मासात वजन उतरेल म्हणून उपास वाढवणारे बरेच असतात आणि वजन चढतं. साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च, शेंगदाणे आणि तूप, प्रोटीन नगण्य. करायचाच असेल तर दही, ताक, पनीर आणि राजगिरा यांवर करा. कोरडा किंवा दिवसभराचा उपास सर्जरी झालेल्यांनी करू नये, डायबिटीसची औषधं चालू असतील तर मुळीच नाही. खाणं कमी होतंय तशी साखरेच्या गोळ्यांची मात्रा कमी करावी लागू शकते, हे आधीच विचारून ठेवा.

सावधान: पातळ आहाराचे ‘रिसेट’. पाच-सात दिवस सूप-ज्यूसवर राहिल्याने ताणलेलं पोट आवळत नाही. उतरतं ते पाणी आणि थोडा स्नायू. स्नायू गेला की दिवसाकाठी जळणाऱ्या कॅलरी आणखी कमी होतात. आठव्या दिवशी भूक दुप्पट लागते.

## टप्पा ६: स्नायू बांधा

चालणं चांगलं, पण सर्जरीनंतर गेलेला स्नायू चालण्याने परत येत नाही. आठवड्यातून दोन, जमल्यास तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. सुरुवात घरातच: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस १० वेळा, भिंतीला टेकून जोर १०, रबरी बँडने खांद्यापाठीचा व्यायाम १०. असे तीन फेरे. बारा सहज व्हायला लागले की बँड जाड करा किंवा पिशवीत एक-एक किलो वाढवा. वर्षभर तीच दोन किलोची डंबेल फिरवत राहणं हा वेळेचा अपव्यय आहे.

चालणं आठवड्याला १५० मिनिटांपासून सुरू करून हळूहळू ३०० कडे न्या. उपवन, तलावपाळी, नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, खारघरचं सेंट्रल पार्क, जागांची कमी नाही. अडचण पावसाळ्याची असते. जून ते सप्टेंबरसाठी पर्याय आत्ताच ठरवा: सोसायटीचा पोडियम, जिना किंवा घरातले बँड. नाहीतर चार महिन्यांत सगळं उतरणीला लागतं. गुडघे दुखत असतील तर जिना टाळा, पोहणं किंवा सायकल घ्या. दुखण्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्वतःहून नकोत, बायपासनंतर त्यांनी पोट-आतड्याच्या जोडाजवळ अल्सर होऊ शकतो. सिगरेटनेही तसाच.

झोप सात तास. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रोज तीन तास जाणाऱ्याला हे सांगणं सोपं नाही, तरी सांगावंच लागतं. जोरात घोरणं परत सुरू झालं असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या.

## टप्पा ७: सहा आठवड्यांनी थांबून निर्णय घ्या

वही, वजन, घेर समोर ठेवा. आठवड्याला पाव ते अर्धा किलो या गतीने उतरत असेल तर हेच चालू. वजन तिथेच आहे पण घेर दोन-तीन सेंटिमीटर घटला, तरीही हेच चालू. चढणं थांबलं, एवढंही पहिल्या सहा आठवड्यांत पुरेसं यश आहे.

तपासा: सातपैकी किमान पाच दिवस प्रोटीन ६० च्या वर होतं का? मधलं चरणं थांबलं का? ताकदीचा व्यायाम आठवड्यात दोनदा झाला का? उत्तर नाही असेल तर पुढे जाऊ नका, टप्पा ५ पुन्हा. तिन्हींचं उत्तर हो आहे आणि तरी वजन चढतंय, तर पुढचा टप्पा.

सहा आठवडे न थांबता थेट टप्पा ८ ला जायचं ते कुणी? ज्यांना खाल्लेलं अडकतं, रोज छातीत जळजळ होते, अलीकडे अचानक दुप्पट जेवण जायला लागलं, किंवा दोन-तीन महिन्यांत वजन झपाट्याने चढलं त्यांनी.

## टप्पा ८: पोटाच्या रचनेची तपासणी

बॅरिएट्रिक सर्जनकडे जा, मूळ सर्जन असतील तर उत्तम. साधारण दोन तपासण्या होतात. बेरियम किंवा तसंच द्रव पाजून केलेला एक्स-रे पोटाचा आकार आणि रिकामं होण्याचा वेग दाखवतो. एंडोस्कोपीत आतलं अस्तर, अल्सर आणि जोड दिसतो. काही ठिकाणी सीटी स्कॅनवर पोटाचं आकारमान मोजतात.

स्लीव्हमध्ये पाहायचं ते वरचा भाग जास्त शिल्लक राहिला का, नळी सगळीकडून फुगली का, हायटस हर्निया, म्हणजे पोटाचा वरचा भाग छातीत सरकणं, आहे का. बायपासमध्ये पाउचचा आकार, जोडाचं तोंड किती रुंद झालं (दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर रुंद समजतात), आणि पाउच व जुनं पोट यांच्यात भगदाड पडलं का. हे भगदाड असेल तर डाएटने काही होत नाही.

रिपोर्टमध्ये ‘पोट फुगलेलं’ असा शब्द दिसला की लगेच दुसरं ऑपरेशन ठरवू नका. काही वर्षांनी बहुतेक स्लीव्ह थोड्या सैलावतात. तेच कारण आहे का, हे तुमच्या वहीशी ताडून सर्जनने सांगायला हवं. वही न बघता फक्त एक्स-रेवर निर्णय देणाऱ्याकडून दुसरं मत घ्या.

## टप्पा ९: इंजेक्शनची औषधं

लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड. सर्जरीनंतर परत चढलेल्या वजनावर ही उपयोगी पडतात आणि रचना ठीक असेल तर दुसऱ्या ऑपरेशनआधी ती आजमावणं शहाणपणाचं. सुरुवात कमी डोसने: सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅम, टिर्झेपटाइड २.५, आणि किमान चार आठवड्यांनी एकेक पायरी वर. घाई केली की उलट्या, आणि लहान पोटाच्या माणसाला उलट्या परवडत नाहीत.

भूक मेल्यावर पहिलं सुटतं ते प्रोटीन आणि पाणी. म्हणून टप्पा ५ आणि ६ पक्के नसताना ही औषधं घेतली तर काट्यावर आकडा उतरतो, पण त्यात स्नायूचा वाटा मोठा असतो. बंद केल्यावर वजन परत येणं नेहमीचं आहे. किती काळ घ्यायचं आणि महिन्याचा खर्च किती, हे पहिल्याच भेटीत विचारा.

मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर स्वतःला किंवा घरात कुणाला असेल तर ही औषधं नाहीत. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, पित्ताशयात खडे असतील, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल, तर आधी सांगा. गर्भधारणा ठरवत असाल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपटाइड सुरू करताना आणि डोस वाढवताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, चार आठवडे दुसरं साधन वापरा. एंडोस्कोपी किंवा कुठलीही भूल असेल तर हे औषध चालू असल्याचं भूलतज्ज्ञांना सांगा.

पेन चिठ्ठीवर, पक्क्या बिलासह केमिस्टकडूनच घ्या. न वापरलेलं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. गोठलं की टाकून द्यायचं. लेबल नसलेल्या सिरिंजमध्ये भरून विकलेलं औषध स्वस्त असलं तरी घेऊ नका.

## टप्पा १०: दुसरी सर्जरी

ही पहिल्यासारखी सोपी नसते. आत चिकटलेले पडदे असतात, धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो आणि वजन पहिल्याइतकं उतरत नाही. स्लीव्हनंतर वजन परत आलं आणि सोबत जळजळही जोराची असेल तर स्लीव्हचा बायपास करतात. एकाच फेरीत दोन्ही प्रश्न हाताळले जातात. तीच स्लीव्ह पुन्हा कापून अरुंद करणं कमी टिकाऊ ठरतं. बायपासचं तोंड रुंद झालं असेल तर एंडोस्कोपीतून टाके घालून किंवा आर्गॉन वायूच्या झोताने शेकून ते अरुंद करता येतं, पोट न उघडता. आतडं आणखी लांब बायपास केलं तर वजन उतरतं, पण प्रोटीन आणि जीवनसत्त्वांची कमतरता कायमची मागे लागू शकते.

सर्जनला हे विचारा: माझ्या बाबतीत नेमकं काय बिघडलं आहे आणि या ऑपरेशनने तेवढंच कसं दुरुस्त होतं? तुम्ही स्वतः अशा दुरुस्तीच्या किती सर्जरी केल्या आहेत? टाक्यांच्या जागेतून गळती झाली तर याच हॉस्पिटलमध्ये रात्री काय सोय आहे? गोळ्या किती आणि किती वर्षं?

विम्यासाठी आधी लेखी मंजुरी घ्या. विम्याच्या नियमांप्रमाणे वजनाच्या सर्जरीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त लागतो, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेतल्या श्वासाचा गंभीर त्रास किंवा ताब्यात नसलेला टाइप २ डायबिटीस यांसारखा आजार. दुरुस्तीच्या सर्जरीत वजन अर्धवटच परतलेलं असतं, त्यामुळे बीएमआय या रेषेखाली असण्याची शक्यता बरीच. गळती किंवा भगदाडासारखी गुंतागुंत असेल तर सर्जनने पत्रात कारण ‘वजन’ एवढंच न लिहिता ती गुंतागुंत रिपोर्टच्या आधाराने नोंदवायला हवी. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, डेस्कवर कागद देण्याआधी ते पत्र स्वतः वाचा.

कोणत्याही टप्प्यावर वजन थांबलं की त्या दिवशीचा आकडा फ्रिजवर चिकटवा आणि त्याच्या वर अडीच किलोची रेघ मारा. सलग दोन आठवडे रेघ ओलांडली की सात दिवसांची वही पुन्हा काढायची. टप्पा ३ मधलं रक्त वर्षातून एकदा, नवी सर्जरी झाली असेल तर पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी.